पटावरच्या चौसष्ट घरांची संख्या: हिचे अवयव हाताने काढता येतील का?

लष्करकर (ग्वाल्हेर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आठवीतला नातू घरी आला होता. त्याला मी बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट सांगितली: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असे प्रत्येक घरात दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे. गोष्ट ऐकून गप्प बसण्याऐवजी त्याने पटच मांडला आणि दाल बाजारातून आणलेल्या गव्हाचा डबा उघडून दाणे मोजायला बसला. आठव्या घरापासूनच दाणे घरात मावेनासे झाले, म्हणून वाट्या आल्या. दहाव्या घरात ५१२ दाणे झाले, तेव्हा त्याच्या आजीने डबा काढून घेतला. पहिल्या दहा घरांचे मिळून १,०२३ दाणे स्वयंपाकघरातील काट्यावर ४३ ग्रॅम भरले.

पुढचे काम कागदावर आले. नातवाने संगणकाच्या तक्त्यात एकूण बेरीज काढली आणि उत्तर दाखवले: १८४४६७४४०७३७०९६०००००. शेवटी पाच शून्ये आहेत, तेव्हा या संख्येला दहाने भाग जातो, असा त्याचा निष्कर्ष. मी म्हटले, सगळ्या घरांची बेरीज ही पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एकाने कमी असते, म्हणजे ती २ च्या ६४ व्या घातातून १ वजा करून मिळते आणि त्यामुळे विषमच असली पाहिजे. त्याचा विश्वास आजोबांपेक्षा पडद्यावर जास्त. अखेर वही घेऊन मी एकापासून सुरुवात केली आणि दुप्पट करत गेलो. अडतिसाव्या घरात हातचा विसरलो. ते लक्षात आले ते केवळ अंकांच्या बेरजेचा ताळा ठेवला होता म्हणून: दुपटीच्या संख्यांचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवत गेल्यास २, ४, ८, ७, ५, १ हाच क्रम पुन्हा पुन्हा येतो, आणि तिथे २ ऐवजी १ आला. दोन रात्रींनंतर वहीत आलेले उत्तर असे:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

आता खरा प्रश्न. हिचे अवयव पाडायचे असे आम्ही ठरवले. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो, पण ९ ने जात नाही. एकम स्थानी ५ आहे, म्हणून ५ ने जातो. ७ ने भागल्यास १ उरतो, ११ ने भागल्यास ४ आणि १३ ने भागल्यास २. १७ ने मात्र निःशेष भाग गेला. ३, ५ आणि १७ काढून घेतल्यावर ७२३४०१७२८३८०७६६७३ उरले. त्याला शंभराच्या आतील एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही आणि आमचा धीर सुटला. काही मूळ संख्यांनी भाग जातो आणि काहींनी जात नाही, यामागे काही नियम आहे का? आणि संगणक न वापरता हे काम शेवटपर्यंत नेता येईल का? नातवाला उत्तर छापील स्वरूपात नको आहे, कारण हवे आहे.

मुरारची शिक्षिका

काका, नमस्कार. मी नववी-दहावीला गणित शिकवते. आपला नातू माझ्या वर्गात असता तर बरे झाले असते. आपल्या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, आणि ते नववीच्या एका सूत्रातून निघते.

आधी एक बाजूची गोष्ट. चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची गरज नव्हती. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा पुन्हा वर्ग केला की २ चा ६४ वा घात हातात येतो. सहा गुणाकार पुरतात, मात्र शेवटचा चांगला लांबलचक आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीने याच पटाची बेरीज केली, तीही अशीच वर्गावर वर्ग करत.

आता अवयवांकडे वळू. (खाली ^ हे चिन्ह घातांकासाठी वापरले आहे.) २^६४ ही २^३२ ची वर्गसंख्या आहे आणि १ हा स्वतःचाच वर्ग आहे. तेव्हा आपली संख्या म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी झाली, आणि ती (२^३२ − १) आणि (२^३२ + १) यांच्या गुणाकाराइतकी आहे. यातला पहिला कंस पुन्हा दोन वर्गांची वजाबाकीच आहे. तो फोडा, त्यातून निघालेला वजाबाकीचा कंस पुन्हा फोडा, आणि असे करत १ पर्यंत या. मागे राहिलेले बेरजेचे कंस लहानापासून मांडले तर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे सहा अवयव मिळतात. आपण तिघांपर्यंत पोहोचला होता. चौथा २५७ होता आणि आपण शंभराला थांबलात, एवढेच.

हे सहा आकडे गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. पहिले पाच मूळ आहेत. ते पाहून सतराव्या शतकात फेर्माला वाटले की या साच्यातील प्रत्येक संख्या मूळच असणार. १६४० च्या सुमारास त्याने पत्रांतून तसे कळवलेही. सहावी संख्या मूळ नाही हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. तिला ६४१ ने भाग जातो आणि ६७,००,४१७ उरतात. त्या साच्यातील सहावीच्या पुढची एकही संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचा अंदाज पहिल्याच न तपासलेल्या पायरीवर कोसळला, हे मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण "पाच वेळा जमले म्हणजे नेहमी जमेल" हा मुलांचा आवडता युक्तिवाद आहे.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न करता पाहायचे असेल तर ६४१ कडे दोन बाजूंनी पाहा. ते ५ × १२८ + १ आहे, आणि ६२५ + १६ सुद्धा आहे. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागले की बाकी −१ येते, म्हणजे निःशेष भाग जायला एक कमी पडतो. त्याचा चौथा घात केला की बाकी +१ होते. म्हणजे ६२५ × २^२८ ची बाकी १. आता दुसरी बाजू वापरा: ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्यामुळे ६२५ च्या जागी −१६ लिहिता येईल. १६ × २^२८ म्हणजे २^३२. तेव्हा −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य. हे फळ्यावर लिहिताना मला अजूनही आनंद होतो.

आता ७, ११, १३ का नापास झाले ते पाहू. २ चे घात ओळीने लिहून प्रत्येकाला ७ ने भागा: बाक्या २, ४, १, २, ४, १ अशा तीन-तीनच्या फेरीत येतात. २^६४ − १ ला ७ ने भाग जायचा तर ६४ व्या जागी बाकी १ यायला हवी, म्हणजे ६४ ला ३ ने भाग जायला हवा, आणि तो जात नाही. ११ ची फेरी १० ची आहे आणि १३ ची १२ ची. त्यांनीही ६४ ला भाग जात नाही. म्हणजे ज्या विषम मूळ संख्येची फेरी २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ लांबीची आहे, तिलाच या पटावर प्रवेश आहे. ३ ची फेरी २ ची, ५ ची ४ ची, १७ ची ८ ची, २५७ ची १६ ची, ६५,५३७ ची ३२ ची आणि उरलेल्या ६४१ व ६७,००,४१७ या दोघांची ६४ ची.

राहिला प्रश्न ६७,००,४१७ चा. ही मूळ आहे का? हिचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मधे आहे, तेव्हा २,५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील असे वाटते. पण फेरीचा नियम इथे मदतीला येतो. मूळ संख्येतून १ वजा केला की उरते त्याला तिच्या फेरीच्या लांबीने नेहमी निःशेष भाग जातो. म्हणून इथे भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असणार. फ्रान्सच्या एदुआर लुका यांनी १८७८ मध्ये हा नियम आणखी आवळला: ६४ नव्हे, १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा. २,५८८ पर्यंत अशा संख्या फक्त वीस आहेत, आणि त्यातल्या मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. हे पाच भागाकार मी मुद्दाम करून देत नाही. ते नातवाचे आहेत.

इंदूरकर वाचक

शिक्षिकाबाईंच्या उत्तरानंतर गणितात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, पण ही संख्या वाचायची कशी, हे कोणी सांगितलेले नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी ही संख्या अशी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५. अर्बुद म्हणजे आपले दशकोटी, प्रयुत म्हणजे दशलक्ष आणि अयुत म्हणजे दशसहस्र. आमची आजी 'एकं, दहं, शतं' पासून परार्धापर्यंत एका दमात म्हणत असे, पण परार्धाच्या पुढची संख्या तिच्या हिशेबात कधी आली नसावी.

वाचताना दोन नावे गळली आहेत, निखर्व आणि कोटी, कारण त्या दोन्ही घरांत शून्य आहे. बोलताना ती घरे सोडून दिली तरी चालते, लिहिताना मात्र चालत नाही. तिथे शून्य नसेल तर त्याच्या डावीकडचा प्रत्येक अंक एक घर खाली घसरेल. आणि हे शून्य ग्वाल्हेरकरांना मी काय सांगावे! जगातील सर्वांत जुने कोरीव शून्य आपल्याच किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात आहे.

मुरारची शिक्षिका

इंदूरकर, नावांबद्दल आभार. उद्याच्या तासाला ही यादी नेते. किल्ल्यावरच्या शून्याबद्दल मात्र थोडी दुरुस्ती करते. चतुर्भुज मंदिराचा तो शिलालेख विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा आहे. त्यात देवाच्या फुलबागेची मापे १८७ आणि २७० हात अशी दिली आहेत आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० मधले शून्य लहानसे वाटोळे आहे आणि आजच्या वाचकाला ते कोणी न सांगता कळते. पण कंबोडियातील शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३ च्या शिलालेखात शून्यासाठी टिंब कोरलेले आहे, आणि ते जवळजवळ दोनशे वर्षांनी जुने आहे. 'सर्वांत जुने' हे शब्द आपण सोडून द्यावेत. बागेचे माप लिहिणाऱ्या माणसाला ते शून्य इतके सवयीचे होते की त्याने त्याबद्दल एक अवाक्षर लिहिलेले नाही. मला तर हेच जास्त मोलाचे वाटते.

बडोदेकर

मी संगणकाच्या आज्ञावली लिहितो, म्हणून नातवाच्या पाच शून्यांचा खुलासा करतो. अशा तक्त्यांत संख्येचे सुमारे पंधरा अंकच खात्रीचे असतात. पुढच्या अंकांच्या जागी तक्ता मुकाट्याने शून्ये भरतो. त्यामुळे तिथे शेवटचा अंक पाहून विभाज्यता ठरवणे म्हणजे धुक्यात उभे राहून घरे मोजण्यासारखे आहे. आजोबांची वही बरोबर आहे.

संगणकाच्या दृष्टीने ही संख्या अतिशय साधी आहे. फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर ती म्हणजे ओळीने चौसष्ट वेळा १. चौसष्ट घरांच्या पेटीत मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. हिच्यात आणखी एक मिळवला तर सगळी घरे ० होतात आणि हातचा पेटीबाहेर पडतो. या रूपात विभाज्यताही डोळ्यांनी दिसते. ३ म्हणजे ११, आणि चौसष्ट एकांचे दोन-दोनचे गट पाडता येतात. २५५ म्हणजे आठ एक, आणि आठ-आठचे गटही पडतात. म्हणून काकांना उरलेली ७२३४०१७२८३८०७६६७३ ही संख्या दिसायला कशीही असली तरी या लिपीत तिच्यात फक्त आठ एक आहेत, दर आठ घरांवर एक, आणि बाकी सगळी शून्ये. ७ म्हणजे १११. तीन-तीनचे एकवीस गट पाडले की शेवटी एक १ एकटाच उरतो. काकांना ७ ने भागल्यावर मिळालेली बाकी हीच.

गव्हाचा हिशेबही करून पाहिला. १,०२३ दाण्यांना ४३ ग्रॅम या मापाने संपूर्ण पटाचे वजन सुमारे ७७,५०० कोटी टन होते. सध्या साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे आजच्या दराने हजार वर्षांच्या जवळपास पिकवत राहावे लागेल.

बाईंनी ज्या लुका यांचा उल्लेख केला, त्यांनीच १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचे कोडे प्रसिद्ध केले. त्यासोबत रूढ झालेल्या कथेत काशीच्या एका देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर न्यायच्या असतात, एका वेळी एकच, आणि मोठी चकती लहानीवर कधीही ठेवायची नाही. त्यासाठी कमीत कमी जेवढ्या हालचाली लागतात तो आकडा नेमका हाच आहे. सेकंदाला एक हालचाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षे होतात. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे मानले जाते, म्हणजे त्याच्या बेचाळीस पटींहून जास्त.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाईंनी दिलेले पाच भागाकार आम्ही दोन संध्याकाळी पूर्ण केले. ६७,००,४१७ ला २५७ ने भागल्यास १७० उरतात, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४ आणि १,४०९ ने ६२२. एकाही भागाकारात शून्य आले नाही, तेव्हा ती मूळ आहे याची आमची खात्री झाली. १,१५३ च्या भागाकारात मी पहिल्या वेळी बाकी १,४८७ काढली होती. बाकी भाजकापेक्षा मोठी कशी, असे नातवाने विचारले, तेव्हा भागाकाराच्या एकम स्थानी १ ऐवजी ० लिहिल्याचे दिसले. यानंतर त्याचा पडद्यावरचा विश्वास कमी झाला की माझ्यावरचा, हे सांगणे कठीण आहे.

आता त्याचा पुढचा प्रश्न असा: मूळ अवयव सात मिळाले, पण या संख्येला एकूण किती संख्यांनी भाग जातो?

मुरारची शिक्षिका

सात मूळ अवयव आहेत आणि एकही दोनदा आलेला नाही. भाजक तयार करताना त्या प्रत्येकाला घ्यायचे किंवा सोडायचे, एवढाच निर्णय असतो. तेव्हा २ चा सातवा घात, म्हणजे १२८ भाजक होतात. कोणत्याही भाजकाने आपल्या पटाच्या संख्येला भागले की दुसरा भाजकच मिळतो, म्हणून त्यांच्या जोड्या लागतात, आणि जोड्या किती? चौसष्ट. पटावर जेवढी घरे तेवढ्याच. नातवाला म्हणावे, प्रत्येक घरात एक जोडी लिही, लहान भाजकाच्या चढत्या क्रमाने. शेवटच्या घरात कोणती जोडी येईल, हे त्याने आधी ओळखावे आणि मग लिहायला घ्यावे.

लष्करकर (ग्वाल्हेर)

कार्डबोर्डावर मोठा पट आखून दिला आहे. पहिल्या घरात १ आणि स्वतः ती संख्या, दुसऱ्यात ३ आणि ६१४८९१४६९१२३६५१७२०५, तिसऱ्यात ५ आणि ३६८९३४८८१४७४१९१०३२३. पुढे १५, १७, ५१, ८५, आणि आठव्या घरात २५५ आले, तर त्याच्यासमोर आम्ही ज्या ठिकाणी हात टेकले होते तीच ७२३४०१७२८३८०७६६७३. पहिली ओळ तिथे बरोबर संपते आणि दुसरी २५७ पासून सुरू होते. सध्या दुसऱ्या ओळीचे पाचवे घर चालू आहे, म्हणजे ३ × ६४१ = १,९२३.

शेवटचे घर मात्र त्याने मधली सगळी सोडून आधीच भरून ठेवले आहे: ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. दोघांत फरक दोनाचा.